एबी फॉर्मच्या आधी

२०२५ ची दिवाळी आली तरी नागपूर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मागच्या सभागृहाची मुदत ४ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले आणि त्या दिवाळीपर्यंतची साडेतीन वर्षं चोवीस लाखांहून मोठ्या शहराचा कारभार एका सहीवर चालला होता. सभागृह रिकामं असलं तरी चौक मात्र भरलेले होते. गणपती, दुर्गोत्सव, कोजागिरी, वाढदिवस, निमित्त काहीही चालायचं. फलकावर हात जोडलेला एक हसरा चेहरा आणि खाली 'भावी नगरसेवक'. तान्ह्या पोळ्याला जुन्या नागपुरातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. सोबत असलेल्या, बडगे म्हणवल्या जाणाऱ्या पुतळ्यांच्या गळ्यात महागाईच्या, खड्ड्यांच्या, भ्रष्टाचाराच्या पाट्या असतात. आणि त्याच मिरवणुकीच्या स्वागताला इच्छुकांचे फलक लागतात. नागपूरकराला यात विसंगत काही वाटत नाही.

इच्छुकांचा धीर सुटायचीच वेळ आली होती. ओबीसी आरक्षणाचा वाद, सरकार बदलताच बदललेली प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखा यांत निवडणूक अडकून पडली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तेही झालं नाही, तेव्हा सप्टेंबरात ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत ठरली. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं, की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली आलेलं हे कलम नागपूरपुरतं साडेतीन वर्षं कागदावर राहिलं.

दिवाळीपर्यंत मैदान ठरलं होतं: ३८ प्रभाग, १५१ जागा. कोणती जागा कोणासाठी राखीव, याची सोडत अजून व्हायची होती, त्यामुळे नवख्यांची घालमेल चालू होती. पानठेल्यावर चर्चा रंगते ती तिकिटाची. प्रभागात कोणत्या समाजाची मतं किती, पॅनलमध्ये कोण कोणासोबत, बंडखोरी कोण करणार, हे सगळं तोंडपाठ असतं. या गर्दीत पहिल्यांदाच उभं राहणारेही पुष्कळ होते: वकील, प्रॉपर्टी डीलर, क्रीडा मंडळांचे अध्यक्ष, बचतगटांच्या ताई, आमदारांचे पुतणे. ते कोण आहेत हे फलकावरून कळतं. पाणी, गडर (गटार), नाला, कचरा, बस यांबद्दल त्यांचं म्हणणं काय, हे फलकावर नसतं आणि विचारायची रीतही फारशी नाही.

रामनगर, १९९२

पहिल्याच निवडणुकीत उतरलेल्या नागपूरच्या उमेदवारांमधलं सर्वांत माहितीतलं उदाहरण देवेंद्र फडणवीसांचं. साल १९९२, वॉर्ड रामनगर. जन्म २२ जुलै १९७० चा, म्हणजे एकवीस वर्षं पूर्ण असण्याची कायद्याची अट ओलांडून फार काळ लोटलेला नव्हता. शंकरनगरच्या सरस्वती विद्यालयात शाळा, धरमपेठेत कनिष्ठ महाविद्यालय, मग शासकीय विधी महाविद्यालय. कायद्याची पदवीही त्याच वर्षीची. आदल्या काळात अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचं काम आणि १९८९ साली भारतीय जनता युवा मोर्चाचं वॉर्ड अध्यक्षपद. वयाच्या बाविसाव्या वर्षी नगरसेवक, १९९७ साली पुन्हा नगरसेवक आणि त्याच वर्षी सत्ताविसाव्या वर्षी महापौर, तोही शहराचा आजवरचा सर्वांत तरुण. १९९९ मध्ये विधानसभा, २०१४ मध्ये मुख्यमंत्रिपद, ५ डिसेंबर २०२४ ला तिसऱ्यांदा शपथ. 'भावी नगरसेवक' फलक लावणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे हीच शिडी असते.

शिडीची खालची पायरी मात्र नीट पाहायला हवी. वडील गंगाधरराव फडणवीस जनसंघाच्या पिढीतले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास सोसला आणि नागपूर पदवीधर मतदारसंघातून ते विधान परिषदेवर होते. १९८७ साली ते गेले तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता. काकू शोभाताई चंद्रपूर जिल्ह्यातल्या भाजपच्या नेत्या, पुढे युती सरकारात मंत्री. उमेदवार नवा होता, पण आडनाव मतदारांच्या ओळखीचं होतं आणि पक्षाची यंत्रणा घरच्यासारखी होती. असं पाठबळ असलेला नवखा आणि पानठेल्यावरून थेट अर्ज भरायला निघालेला नवखा, दोघांनाही 'नवखा'च म्हटलं जातं. दोघांची लढत सारखी नसते.

आणखी एक फरक काळाचा. रामनगरचा तो वॉर्ड एका नगरसेवकाचा होता. मतदार एक मत द्यायचा, एक माणूस निवडून यायचा आणि पाच वर्षं नाली तुंबली की त्याचंच दार वाजायचं.

नागपूरच्या राजकारणात नगरसेवकपद ही प्रवेशाची जुनी वाट आहे. नगरपालिका १८६४ सालची. मध्य प्रांताच्या काळातला नागपूर महापालिकेचा कायदा १९४८ चा, तो लागू झाला २ मार्च १९५१ ला. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. पुढे ते राज्याचे अर्थमंत्री झाले, विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि मुंबईचं वानखेडे स्टेडियम त्यांच्याच नावाचं. अलीकडचं बघायचं तर महापौर राहिलेले विकास ठाकरे २०१९ पासून पश्चिम नागपूरचे काँग्रेसचे आमदार आहेत. महापौर राहिलेले प्रवीण दटके २०२४ साली मध्य नागपुरातून भाजपचे आमदार झाले. अनिल सोले २०१४ साली पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेले.

मात्र ही वाट हमखास वर नेतेच असं नाही. संदीप जोशी महापौरपदावर असतानाच २०२० मध्ये पदवीधरची निवडणूक लढले. गंगाधरराव, त्यांच्यानंतर नितीन गडकरी, मग सोले अशी भाजपने अनेक दशकं राखलेली ती जागा होती. काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी जोशींना हरवलं. जोशी विधान परिषदेत पोहोचले ते २०२५ साली.

एकाचे चार

२००७ साली नागपुरात १३६ वॉर्ड होते आणि १३६ नगरसेवक. २०१२ मध्ये दोन-दोनचे प्रभाग झाले, जागा १४५. २०१७ मध्ये चार-चारचे, जागा १५१. ३७ प्रभागांत चार आणि एकात तीन. मध्यंतरी महाविकास आघाडीच्या काळात आधी एकसदस्यीय वॉर्डाचा कायदा झाला, मग तोच फिरवून तीन सदस्यांचा प्रभाग ठरला आणि नागपूरसाठी ५२ प्रभाग, १५६ जागांचा आराखडाही निघाला. सरकार गेलं, आराखडाही गेला. आता पुन्हा २०१७ चाच साचा. एका माणसाच्या वॉर्डातून राजकारणात आलेल्या फडणवीसांच्याच पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, २०१६ साली, चार सदस्यांचा प्रभाग आला हे नोंदवायला हवं. आणि विरोधकांनीही सत्तेत आल्यावर एकसदस्यीय पद्धत टिकवली नाही, हेही.

नवख्यासाठी याचा हिशेब सरळ आहे. एका प्रभागात सरासरी त्रेसष्ट-चौसष्ट हजार लोकसंख्या, तीही २०११ च्या जनगणनेची. प्रत्यक्षातला आकडा केव्हाच पुढे गेला असणार. मतदान यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागांच्या चार मतपत्रिका असतात: पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी. मतदाराने चारही जागांसाठी बटण दाबायचं. कोणी पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हेही बटणच. चौथं मत पडल्याशिवाय यंत्राचा भोंगा वाजत नाही. केंद्रावर उभं राहून पाहिलं, की पहिलं बटण दाबून बाहेर निघालेल्या आजींना कर्मचारी परत बोलावतात, हे दृश्य हमखास दिसतं. अशा वेळी चार अनोळखी नावं वाचण्यापेक्षा एकच चिन्ह चार वेळा शोधणं सोपं जातं.

२०१७ चा निकाल तेच सांगतो. भाजप १०८, काँग्रेस २९, बहुजन समाज पक्ष १०, शिवसेना २, राष्ट्रवादी १ आणि अपक्ष १. ती एकमेव अपक्ष जागा आभा पांडे यांची. दीडशेवर जागांमध्ये पक्षाविना एकच माणूस सभागृहात पोहोचला. म्हणून नवख्याचा सगळा जीव एबी फॉर्मात अडकलेला असतो. पक्षाने अधिकृत उमेदवार ठरवल्याची ही दोन कागदांची जोडी. ती अर्जाच्या शेवटच्या दिवशी, कधी शेवटच्या तासात हाती पडते. तोवर इच्छुक मतदारांच्या दारात कमी आणि नेत्यांच्या दारात जास्त दिसतो. पाण्यावर किंवा कचऱ्यावर मत तयार करून तिकीट मिळत नसेल, तर ते तयार करण्यात वेळ घालवायचा कोणी?

केरळात वेगळं चित्र दिसतं. तिरुवनंतपुरम महापालिकेत २०२० साली शंभर वॉर्ड होते, प्रत्येक वॉर्डाचा एकच नगरसेवक, वॉर्डाची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास. त्या वर्षी मुडवनमुगल वॉर्डातून पहिल्यांदाच उभी राहिलेली आर्या राजेंद्रन ही गणिताची विद्यार्थिनी निवडून आली आणि एकविसाव्या वर्षी थेट महापौर झाली. तिच्यामागेही पक्ष होताच. पण दहा हजारांच्या वॉर्डात उमेदवार घरोघरी दोनदा जाऊ शकतो. चौसष्ट हजारांच्या प्रभागात तो एकदाही पुरा फिरत नाही.

अर्जाच्या पानावर

उमेदवाराबद्दलची सर्वांत भरवशाची माहिती त्याच्या फलकावर नव्हे, अर्जात असते. एकवीस वर्षं पूर्ण, शहराच्या मतदार यादीत नाव, एक सूचक, एक अनुमोदक. अनामत सर्वसाधारण जागेला ५,००० रुपये, राखीव जागेला निम्मी. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अपात्र. महापालिकेचा थकीत कर नको. म्हणून निवडणूक आली की कर विभागात 'नो ड्यूज'साठी रांग लागते आणि वर्षानुवर्षं पडून असलेली घरटॅक्सची बिलं एका दुपारी भरली जातात. राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. ते न दिल्याने निवडून आलेल्यांची पदं राज्यभर गेलेली आहेत. घरी शौचालय असल्याचं आणि ते वापरत असल्याचंही सांगावं लागतं.

मग शपथपत्र. दाखल गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, उत्पन्न. नागपुरात हे पान विशेष लक्ष देऊन वाचावं असं आहे, कारण इथल्या बऱ्याच नव्या उमेदवारांचा व्यवसाय जमिनीशी जोडलेला असतो: प्लॉट, ले-आउट, बांधकाम, ठेकेदारी. उद्या ज्या सभागृहात आरक्षण बदलाचे आणि रस्त्याच्या टेंडरचे विषय येणार, तिथे बसणाऱ्याची आजची जमीन कुठे आहे, हे मतदाराच्या कामाचं आहे.

अर्जात एक रकाना मात्र नाही: तुमचं म्हणणं काय? पक्षाचा वचननामा शहरासाठी असतो. प्रभागासाठी लेखी काही मागायची सोय नाही. म्हणून तो रकाना मतदारांनीच तयार करायचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहराने जे भोगलं, त्यात त्याला पुरेल इतका मजकूर आहे.

गडर, नळ, नाला

दक्षिण आणि पूर्व नागपुरात उमेदवार पहिल्यांदा दारात आला की पहिली तक्रार ऐकायला मिळते, "भाऊ, गडरलाईन कधी टाकता?" तिच्यामागे शहराची सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट आहे. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे लोकांच्या तोंडी एनआयटी, १९३६ सालची. महापालिकेहूनही आधीची ही संस्था शहर आखायची, प्लॉट विकायची. तिच्या आराखड्याबाहेर शेतजमिनीचे तुकडे पाडून वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांना नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि नागपूरच्या बोलीत अशा ले-आउटच्या संख्येचे दोन आकडे कायमचे शिरले: '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट'. प्लॉट घेताना आजही पहिला प्रश्न असतो, आरएल आहे का? नियमितीकरणाचं ते पत्र मिळालं तर बांधकामाला मंजुरी आणि बँकेचं कर्ज. विकासशुल्क एनआयटीने घ्यायचं, रस्ता आणि गडर कोणी करायची यावर दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, आणि मधल्या काळात पावसाळ्यात लोकांनी चिखलातून गाड्या ढकलायच्या.

२०१६ च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने एनआयटी बरखास्त करायचा निर्णय घेतला. पुढच्या सरकारने तो फिरवला. २०१३ साली हुडकेश्वर आणि नरसाळा शहरात आले, तेव्हा तिथेही हाच प्रश्न नव्याने सुरू झाला. म्हणून या भागातल्या नव्या उमेदवाराला विचारायचं ते एवढंच: शहराचं नियोजन एका संस्थेकडे असावं की दोन? आणि माझ्या ले-आउटची गडर कोणाच्या बजेटमधून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला पहिल्याचंही देता येणार नाही.

पाण्याची गोष्ट निराळी. पेंचच्या नवेगाव खैरी धरणातून आणि कन्हान नदीतून शहराला पाणी येतं. घराघरात चोवीस तास पाणी, हे स्वप्न आधी धरमपेठ झोनमध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि मग अख्ख्या शहरात राबवायचं ठरलं. मार्च २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे पंचवीस वर्षांसाठी पाणीपुरवठा गेला. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज यांची ही भागीदारी, देशात सबंध शहराचं पाणी खासगी भागीदारीत देण्याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणून गाजलेली. जुन्या नळजोडण्या बदलल्या गेल्या, मीटर लागले, काही भागांत पाण्याचा दाब खरोखर सुधारला. पण चोवीस तासांचं पाणी सगळ्या शहराला मिळालेलं नाही, आणि उन्हाळ्यात टँकर दिसणं थांबलेलं नाही. उपविधीत दरवर्षी पाच टक्के दरवाढीची तरतूद आहे. सभागृह असताना ती थांबवायचा विषय सभेत येऊ शकायचा, विरोधी बाक आरडाओरड करायचे, उत्तरं मागायचे. प्रशासकाच्या साडेतीन वर्षांत तेही नव्हतं. करार २०३७ पर्यंतचा आहे. नवा उमेदवार तो मोडेन म्हणाला तर त्याची टाळ्यांपलीकडे किंमत नाही. कराराचा दरवर्षीचा हिशेब सभेत मांडायला लावीन, मीटरच्या तक्रारींची मुदत ठरवीन म्हणाला, तर ते नगरसेवकाच्या आवाक्यातलं आहे.

आणि नाला. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट पश्चिम नागपूर विसरणार नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर करत सीताबर्डीपर्यंत आलं. लोक झोपेत होते. फ्रीज तरंगले, गाड्या भिंतीवर चढल्या, मोरभवन बसस्थानकात बस बुडाल्या. मूकबधिर मुलांच्या शाळेतून आणि वसतिगृहांतून मुलांना बाहेर काढायला बचाव पथकं आणि सैन्य आलं. माणसंही दगावली. शहरातली हजारो घरं बाधित झाली. सरकारने कुटुंबाला १०,००० आणि दुकानदाराला ५०,००० रुपये मदत जाहीर केली.

त्या पहाटे शहराला नगरसेवक नसून दीड वर्ष झालं होतं. पुढच्या पंचनाम्यांत हे फार जाणवलं. नगरसेवक असता तर पूर थांबला असता असं नाही. पण कोणत्या गल्लीत किती घरं, कोण म्हातारं एकटं राहतं, कोणाचं नाव यादीतून सुटलं, हे माहीत असलेला आणि शिव्या खायला हक्काचा माणूस नव्हता. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. तलावाच्या सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक, नदीपात्रातली बांधकामं, अरुंद पूल, सगळं न्यायालयात निघालं. एरवी हे प्रश्न सभागृहात विचारले जातात. सभागृहच नव्हतं म्हणून ते न्यायमूर्तींना विचारावे लागले.

नाग नदीच्या शुद्धीकरणाला १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे, जपानच्या कर्जाची साथ आहे. नदी पुढे कन्हानला आणि तिथून वैनगंगेवरच्या गोसीखुर्दकडे जाते, म्हणजे नागपूरची घाण भंडाऱ्याच्या वाट्याला. पण नागनदीकाठच्या उमेदवाराने योजनेच्या कोटींवर बोलण्याआधी एका गोष्टीवर बोलावं: काठावरचं कोणतं अतिक्रमण तुम्ही पाडायला सांगाल? त्यात मतदारांची घरं आहेत, मंगल कार्यालयं आहेत, कधी कार्यकर्त्यांचीही बांधकामं आहेत. इथे उत्तर देणं महाग पडतं, म्हणूनच इथे उमेदवाराची ओळख पटते.

झोपडपट्टीतल्या मालकी पट्ट्यांचा विषय असाच. उत्तर नागपुरात आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना राहत्या जागेचा हक्क मिळावा यासाठी लढे झाले, शासन निर्णय निघाले, काहींना पट्टे मिळाले. अडकतं ते जमीन कोणाची यावर: महापालिकेची, एनआयटीची, नझुलाची, रेल्वेची की झुडपी जंगलाची. 'पट्टे देऊ' हे वाक्य प्रत्येक उमेदवाराकडे असतं. आपल्या प्रभागातली कोणती वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे, ही यादी फार थोड्यांकडे असते.

कचरा आणि बस यांची कथा त्या मानाने आटोपशीर. शहराचा कचरा पूर्वेच्या भांडेवाडीत जातो. उन्हाळ्यात तिथल्या आगीचा धूर सोसतं ते पूर्व नागपूर. त्याच भांडेवाडीत शुद्ध केलेलं दररोजचं १३ कोटी लिटर सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला विकलं जातं. देशात वाखाणलं गेलेलं काम आणि रोजचा त्रास एकाच पत्त्यावर आहेत. बसचं म्हणाल तर, खापरी ते सीताबर्डी मेट्रो मार्च २०१९ ला धावली, डिसेंबर २०२२ पर्यंत सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पण स्टेशनपासून घरापर्यंतची 'आपली बस' वेळेवर येईल याची खात्री नाही. मेट्रो नगरसेवकाच्या हातात नाही, बस आहे. परिवहन समिती महापालिकेची आहे.

सभागृह आणि आयुक्त

निवडून आल्यावर नवख्याला पहिला धक्का बसतो तो अधिकारांचा. महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार आयुक्ताचे. महापौर सभा चालवतो, अडीच वर्षांनी बदलतो, त्याचं आरक्षणही सोडतीने ठरतं. तिजोरीची किल्ली सोळा जणांच्या स्थायी समितीकडे. बाकीच्यांना प्रश्न, सूचना, प्रभागाचा निधी आणि झोन कार्यालय. शहरात दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. नगरसेवकाचं खरं आयुष्य झोनच्या अभियंत्याच्या टेबलापुढे जातं. मानधन २०१७ पासून महिन्याला २०,००० रुपये.

कोलकात्यात महापौर परिषद आहे, तिथे निवडून आलेल्यांच्या हाती खाती असतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरातही ही पद्धत आली होती आणि फडणवीस त्या पद्धतीतले महापौर होते. ती टिकली नाही.

आयुक्त आणि सभागृह यांची रस्सीखेच शहराने जवळून पाहिली ती २०२० साली. जानेवारीअखेर तुकाराम मुंढे आयुक्त झाले. त्यांनी सुरू न झालेली कामं थांबवली, नगरसेवकांच्या फायली अडल्या. सोशल मीडियावर मुंढेंचे चाहते, सभागृहात संतापलेले नगरसेवक. करोनाच्या टाळेबंदीनंतर २० जूनला अंतर राखून सर्वसाधारण सभा घ्यायची म्हणून ती सुरेश भट सभागृहात भरली. वैयक्तिक टीका झाल्याचं सांगून मुंढे सभा सोडून निघून गेले. महापौर संदीप जोशी थांबा म्हणत राहिले. ऑगस्टअखेर मुंढेंची बदली झाली.

त्या वादात शहरातला मध्यमवर्ग बहुतांशी आयुक्तांच्या बाजूने होता. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं होतं आणि ते पक्कं व्हायला नगरसेवकांनीही हातभार लावला होता. पुढे २०२२ नंतर शहराला हवा तसा अनुभव मिळाला: नगरसेवक नाहीत, प्रशासकच सर्वेसर्वा. सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाले, अंगणात पाणी शिरलं, आणि 'हे कोणी मंजूर केलं' असं विचारायला कोणाच्या घरी जावं हे लोकांना कळेना. या साडेतीन वर्षांनी नगरसेवकांची बाजू कोणत्याही भाषणापेक्षा जास्त मांडली.

निम्म्या जागांचा विषय शेवटी, पण तो लहान नाही. १५१ पैकी ७६ जागा स्त्रियांच्या. २०११ च्या कायद्याने आरक्षण तेहेतीसवरून पन्नास टक्क्यांवर गेलं, त्याने नागपूरच्या राजकारणाचा चेहरा बदलला. सोडतीत प्रभाग महिलेसाठी निघाला की ज्याने तीन वर्षं फलक लावले तो रातोरात पत्नीचा फोटो छापतो. मग निवडून आलेल्या ताई आणि फोन उचलणारे भाऊ, हा प्रकारही नागपूरला ठाऊक आहे. महिला आरक्षणाच्याच वाटेने अर्चना डेहनकर, नंदा जिचकार यांच्यासारख्या स्त्रिया महापौरही झाल्या. उमेदवार ताई असतील तर फोन नंबर कोणाचा दिला आहे, हे बघून घ्यावं. आणि प्रश्न त्यांनाच विचारावा, शेजारी उभ्या असलेल्या भाऊंना नव्हे.

या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदार यादी प्रभागांत विभागली जाणार होती. २०१७ साली मतदान निम्म्याहून थोडंच जास्त झालं होतं, आणि नाव शेजारच्या प्रभागात गेल्याने केंद्रावरून परत फिरलेलेही होते. प्रारूप यादी लागली की आपलं नाव तपासा, चुकलं असेल तर मुदतीत हरकत द्या. उमेदवाराच्या शपथपत्राचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर लावलेला असतो. रांगेत उभे असताना तो वाचा. त्याआधी उमेदवार दारात येईलच. चहा पाजा, आणि तुमच्या गल्लीची गडर, तुमच्या नळाचं मीटर आणि तुमच्या जवळचा नाला, या तिघांबद्दल तो काय करणार हे कागदावर लिहून त्याची सही घ्या.